व्याख्यानाचा उरलेला अर्धा भाग

या लेखात कुणाचंही नाव नाही, आणि त्यामागे माझा सभ्यपणा नाही. ज्या बाईंबद्दल मी लिहिणार आहे त्यांना आपलं नाव छापलेलं बघायला फार आवडतं. मंडळाच्या वेबसाइटवर, दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर, हळदीकुंकवाच्या आमंत्रणाच्या तळाशी, जिथे बोटभर जागा असेल तिथे ते असतं. इथे ते नसेल. म्युनिकमधली निम्मी मराठी मंडळी दुसऱ्याच परिच्छेदात त्यांना ओळखतील, त्याला माझा इलाज नाही. पण नाव मी घेणार नाही.

मंडळात सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणते. त्या इथे आल्या तेव्हा म्युनिकमध्ये कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळत नव्हती, हे त्या दर कार्यक्रमात सांगतात. मंडळ त्यांनी उभं केलं हे खरं आहे. पहिल्या वर्षीची गणपतीची मूर्ती त्यांनी विमानात मांडीवर घेऊन आणली हेही खरं आहे. माणसानं काहीतरी खरंखुरं केलेलं असलं की त्याच्यावर राग धरणं अवघड जातं, पण मला ते जमलं.

मी नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पुण्यात मी जर्मन शिकवायचे. इथे विद्यापीठात सहज म्हणून नॉर्वेजियनच्या वर्गाला बसले आणि त्यातच अडकले. आता मी नॉर्वेतल्या बालसाहित्यावर डॉक्टरेट करते आहे. हे सांगितलं की मराठी घरात चहाचा कप आणखी माझ्याकडे सरकवला जातो. मग कुणीतरी समजूतदारपणे विचारतं, "म्हणजे पुढे टीचर का?"

माझा विषय आहे त्या पुस्तकांतली नम्रता. नॉर्वेतली जुनी-नवी चित्रपुस्तकं शेजारी शेजारी मांडून बसलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मोठेपणा करणारं मूल त्यांत फार वेळ सुखात राहत नाही. मीच सगळ्यांत उंच उडी मारतो म्हणणारा ससा डोंगरावर एकटा उरतो. जिला आपली टोपी सगळ्यांपेक्षा वेगळी हवी असते ती मुलगी शेवटी सगळ्यांसारखीच राखाडी टोपी घालून परत येते आणि तिला गरम वाफल मिळतं. कुणी ओरडत नाही, कुणी छडी उगारत नाही. बाकीचे जरा सरकून जागा करतात आणि मूल रांगेत बसतं. सगळीच पुस्तकं अशी नाहीत, बंडखोर पोरं तिथेही भरपूर आहेत. पण ती रांग मला पहिल्याच पुस्तकात ओळखू आली, कारण मी तिच्यात बसलेली होते. शाळेत मी हात वर केला की बाई म्हणायच्या, "हिला सोडून कुणाला येतंय?" घरी पाहुण्यांसमोर जरा जास्त बोलले की आत्या म्हणायची, "चारचौघींसारखी राहा गं." त्या चारचौघी कोण हे मला कधीच कळलं नाही. फार शांत मुली असाव्यात.

मागच्या हिवाळ्यात ताईंनी मला मंडळात या विषयावर बोलायला बोलावलं. मी जीव तोडून तयारी केली. व्याख्यानाचे दोन भाग होते. पहिल्यात, ही पुस्तकं मुलांना पुढे पुढे न करायला कसं शिकवतात ते. दुसऱ्यात, तो नियम मुलांच्या आधी मोठ्यांना कसा लागतो ते. त्या पुस्तकांतला हेडमास्तर मुलांच्याच बाकावर बसून डबा खातो. बोटीचा कप्तान बटाटे सोलतो. राजा असलाच तर तोही दारात बूट काढून आत येतो. आणि सगळ्यांत शेवटी मला एक सांगायचं होतं. या गोष्टींत गप्प बसलेल्या मुलाकडे शेवटच्या पानावर कुणीतरी वळून बघतंच. ते बघण्याचं काम बाकीच्यांचं असतं. ते काम कुणी करणार नसेल तर नम्रता म्हणजे नुसतं तोंड दाबणं. हे शेवटच्या स्लाइडवर होतं.

पहिला भाग संपता संपता पहिल्या रांगेतून ताईंनी घड्याळावर बोट आपटलं.

"आता आवरतं घे गं. वडे आलेत."

"ताई, अर्धं राहिलंय अजून. महत्त्वाचं तेच आहे."

"पुढच्या वेळी ऐकू की. हॉल पाचपर्यंतच आहे."

मग त्यांनी आभार मानले. नॉर्वेसारख्या पुढारलेल्या देशात मुलांना मिरवू देत नाहीत हे ऐकून आपले डोळे उघडले, असं त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चटणीकडे वळले. स्कँडिनेव्हियातून काहीही आलं की आपल्या लोकांना ते आधीच पटलेलं असतं, मग ते फर्निचर असो की पोरं वाढवण्याची पद्धत. मी लॅपटॉप मिटला आणि उरलेलं व्याख्यान घरी परत आणलं.

वसंतात सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण इथून माझी मुलगी मराठी बोलायला लागली.

ती आठ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. इथल्या बहुतेक मराठी घरांत असंच चालतं. मी म्हणणार, जेवायला ये, ती म्हणणार, "इश कोमं ग्लाइश," म्हणजे आलेच. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, न ऐकल्यासारखं करून पाहिलं. सासूबाईंच्या पुढे मात्र तिचा नाइलाज झाला. त्यांना जर्मनचं अक्षर येत नाही आणि ते शिकायची त्यांना गरजही वाटली नाही. "माझ्याशी माझ्या भाषेत बोल गं बाई, मी म्हातारी कुठे शिकत बसू?" शाळेतून आली की दोघी बाल्कनीत बसायच्या. आधी नुसते शब्द यायचे, मग मोडकी वाक्यं, आणि एक दिवस पुदिन्याच्या कुंडीत गोगलगाय सापडली तेव्हा गोष्ट आली.

गोष्ट अशी. एक गोगलगाय एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, चढते. तिला पुढच्याच स्टेशनवर उतरायचं असतं, पण ती दारापर्यंत पोचते तोवर दार बंद होतं. पुढच्या स्टेशनवर तेच. अशी ती विमानतळापर्यंत जाते आणि परत येते. मग तिकीट तपासणारा येतो. म्हणतो, तिकीट दाखवा. गोगलगाय म्हणते, "मी प्रवास कुठे करतेय? मी तर घरीच आहे." तो तिच्या पाठीकडे बघतो. खरंच घर असतं. मग तो विचार करून म्हणतो, "बरं, पण दार लावून घ्या, थंडी आत येतेय." आणि पुढे जातो.

सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. मी स्वयंपाकघरात उभी होते. मुलगी पाणी घ्यायला आत आली आणि मला म्हणाली, "आई, आजी हसली." हे ती मराठीत म्हणाली. तिला ते कळलंही नव्हतं.

त्या दिवसांत सासूबाईंनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली. कुणाच्या घरी काही खायला दिलं तर लगेच हात पुढे करायचा नाही, हावरट दिसतं. आधी नको म्हणायचं. मग लोक पुन्हा विचारतात, आग्रह करतात, मग घ्यायचं. खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईंनी एकदा तिच्यासमोर प्लमचा केक धरला. तिनं आजीची आठवण ठेवून "नाइन, डांके", म्हणजे नको, धन्यवाद, असं म्हटलं. त्या बाईंनी मान डोलावली आणि ताटली आत नेली. मुलगी रडत वर आली.

"परत विचारलंच नाही?" सासूबाई थक्क झाल्या. "अहो, लहान पोर आहे. एकदा तरी विचारायचं."

"आई, इथे तसंच असतं," मी म्हटलं. "नको म्हटलं की त्यांना खरंच नको वाटतं."

मुलीनं नाक पुसलं आणि आपल्यापुरता निकाल लावला. जर्मनमध्ये नको म्हणजे नको, मराठीत नको म्हणजे थांब. हे मी तेव्हा कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरले.

सासूबाईंना भेटायला ताई चहाला आल्या, तेव्हा गोगलगायीची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली. सासूबाईंनीच विषय काढला. ताई मुलीकडे वळल्या. "काय गं, मला सांगतेस गोष्ट?"

"नको," ती म्हणाली. हात मागे बांधून, पायाच्या बोटांवर किंचित उंच होत, ओठ दाबून हसत.

"असं कसं? मी एवढ्या लांबून आलेय."

"नको."

"बरं, मग मी रुसते. बघ, बिस्किट पण खाणार नाही."

मग तिनं सांगितली, अगदी थंडी आत येतेय इथपर्यंत. ताई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "ही वर्धापनदिनाला स्टेजवर. एकटी. ठरलं." आग्रह कसा करायचा हे त्या बाईंना चांगलं ठाऊक आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी तर ठेवलंच आहे.

सासूबाई परत गेल्या. व्हिडिओ पाठवा म्हणून मला बजावून गेल्या. मुलगी रोज अंघोळ करताना मोठ्यानं गोष्ट म्हणायची. तिकीट तपासणाऱ्याला तिनं वेगळा आवाज दिला होता, थोडा तिच्या बाबांसारखा. बाबांना ते कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

सुट्टी संपल्यावर ग्रुपवर ताईंचा मेसेज आला. यंदापासून कुठल्याही मुलाचा एकट्याचा कार्यक्रम नाही, सगळे सारखे, कुणाचं नाव पुकारलं जाणार नाही. ही नॉर्वेजियन पद्धत असून आपल्याच एका अभ्यासक भगिनीनं ती आपल्याला समजावून सांगितली आहे, असं पुढे लिहिलं होतं. खाली अंगठ्यांची रांग लागली. काही आयांनी "हिचीच मुलगी का" म्हणून कुरकुर केल्याचं मला नंतर कळलं. मी ताईंना फोन लावला.

"ताई, ती गोष्ट तिची आहे. तुम्हीच तिला सांग म्हणालात."

"अगं, तूच तर सांगितलंस ना, तिकडे मुलांना असं एकटं पुढे करत नाहीत. मला किती पटलं ते. मी कमिटीत सांगितलं, हिच्या रिसर्चमध्येच आहे म्हणून."

"तसं करा असं मी म्हटलं नव्हतं. आणि पुढचं तुम्ही ऐकलंच नाहीत."

"जाऊ दे गं. गोष्ट आपण घेतोयच, नऊ मुलं मिळून करतील. आणि खरं सांगू का, तिच्याच भल्याचं आहे. आत्तापासून मिरवायची सवय नको."

मी फोन ठेवला आणि मशीनमध्ये लावलेली भांडी बाहेर काढून हातानं घासली. मिरवायची सवय. आत्याचा आवाज, शाळेतल्या बाईंचा आवाज आणि आता हा तिसरा, आणि तोही माझ्याच व्याख्यानाचा दाखला देऊन. मला स्वतःसाठी इतका राग कधी आला नव्हता. माझ्या मुलीसाठी आला, आणि तो मी जपून ठेवायचं ठरवलं.

नऊ मुलांत गोष्ट वाटली म्हणजे काय केलं ते सांगते. एक गोगलगाय होती, तिच्या आठ झाल्या. तिकीट नसलेली गोगलगाय मुलांना चुकीचा मेसेज देते असं कमिटीचं मत पडलं, म्हणून आठही जणींना तिकिटं दिली. तपासणारा येतो, आठ तिकिटं बघतो आणि शाबास म्हणतो. शाबास म्हणायचं काम ताईंच्या नातवाला मिळालं, त्याचे उच्चार स्वच्छ आहेत म्हणून. माझ्या मुलीच्या वाट्याला एक वाक्य आलं: "आम्ही सगळ्या सारख्या."

पहिल्या तालमीहून परतताना तिनं मला विचारलं, सगळ्यांकडे तिकीट आहे तर मग गोष्ट कुठे आहे? हे तिनं जर्मनमध्ये विचारलं. मी तिचा हात धरून रस्ता ओलांडला. त्यानंतर अंघोळीच्या वेळी नुसता पाण्याचा आवाज यायला लागला. आजीच्या व्हिडिओ कॉलवर ती "हो" आणि "नाही" म्हणायची आणि उठून जायची. "अगं, ही बोलेना का झाली?" सासूबाई विचारायच्या. मी म्हणायचे, अभ्यास वाढलाय.

"सोड ना," नवरा म्हणाला. "एक प्रोग्राम आहे. पुढच्या वर्षी करेल."

"पुढच्या वर्षी तिला मराठी येत असेल का?"

तो फोन चार्जिंगला लावून झोपायला गेला. मी सोडलं नाही.

सूत्रसंचालनाला मंडळात कधीच कुणी तयार नसतं. मी हात वर केला. ताई खूश झाल्या. माझ्या मनात किल्मिष नाही याची त्यांना खात्री पटली असावी. आठवड्याभरात त्या घरी आल्या, या वेळी चहाला नाही, कामाला.

"कमिटी म्हणतेय, वर्धापनदिनाला माझा सत्कार करायचा. मला हे असलं काही आवडत नाही, तुला माहितीये. मी नको म्हणून सांगितलं. ऐकत नाहीत."

असं म्हणत त्यांनी पिशवीतून शाल काढली. पुण्याहून बहिणीकडून मागवलेली, जांभळी, काठाला मोर. त्यांनी ती माझ्या सोफ्यावर पसरली आणि मोबाइलमध्ये साडीचा फोटो दाखवून रंग जातो का ते विचारलं. रंग छान जात होता. मी तसं सांगितलं.

"तू फक्त अनाउन्स कर," त्या म्हणाल्या. "मी नको नको म्हणेन. मग तू जरा आग्रह कर. मग मी येईन वर. म्हणजे बरं दिसतं."

"गेनाऊ," मी म्हणाले, अगदी बरोबर. तसंच करू.

त्या क्षणी मला ते सुचलं. त्यांना नको म्हणायचं आहे. ठीक आहे, म्हणू देत. ज्या देशात आपण राहतो त्या देशाच्या पद्धतीनं मी ते ऐकेन. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली, जितकी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. मी क्षमाशील बाई नाही आणि तसं असल्याचं नाटकही मला जमत नाही.

वर्धापनदिन ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी होता. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पाहुण्यांच्या नावांचे कागद चिकटवले होते, तिथे मात्र नॉर्वेजियन पद्धत पोचली नव्हती. आठ गोगलगायी पुठ्ठ्याची घरं पाठीला बांधून आल्या आणि तिकिटं दाखवून गेल्या. माझ्या मुलीनं आपलं वाक्य म्हटलं, पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. नातू शाबास म्हणाला. टाळ्या झाल्या.

मग सत्काराची वेळ आली. तबकात शाल, वर थाई दुकानातून आणलेला नारळ. मी माइकवर ताईंच्या कामाबद्दल चांगलं बोलले. मूर्ती, मांडी, विमान, सगळं सांगितलं. मग त्यांना मंचावर यायची विनंती केली. त्या जांभळ्या साडीत अर्ध्या उठल्या, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नको नको, माझा कसला सत्कार."

आता माझं वाक्य होतं.

"मंडळी," मी म्हणाले, "मागच्या वर्षी माझं व्याख्यान अर्धं राहिलं होतं. उरलेलं दोन मिनिटांत सांगते." आणि सांगितलं. बाकावर बसून डबा खाणारा हेडमास्तर सांगितला, बटाटे सोलणारा कप्तान सांगितला. लोक हसले. "म्हणजे हा नियम मुलांच्या आधी मोठ्यांना लागतो. ताईंनी यंदा तो मुलांना लावला. आणि आज, आपल्या सगळ्यांसमोर, स्वतःलाही लावून घेतला. त्या नको म्हणाल्या. आपण त्यांचा मान राखूया."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा, ताई," मागून कुणीतरी म्हणालं. लोकांना खरंच भरून आलं होतं. ताई अर्ध्या उठलेल्या तशाच होत्या, हात जोडलेले. त्यांना बसायचं की यायचं कळेना. त्यांनी एकदा तबकाकडे पाहिलं. मला अतोनात आनंद झाला. तो लपवण्यासाठी मला खाली कार्यक्रमपत्रिकेत बघावं लागलं. ते सुख मला आजही जसंच्या तसं आठवतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

पण ताई मुरलेल्या आहेत. त्या उठल्या, सावकाश पायऱ्या चढून आल्या आणि माझ्या हातातून माइक घेतला.

"दोनच शब्द बोलते. हिनं माझ्या मनातलं ओळखलं. पण एक अपवाद मला आज करू द्या. गोगलगायीची गोष्ट जिच्या डोक्यातून आली, ती आपल्यातच आहे. तिला बोलवूया. एकटीला."

त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, देव जाणे. मला हरवायचं असेल, किंवा खरंच वाईट वाटलं असेल. मुलगी पडद्याआडून आली. पाठीला पुठ्ठ्याचं घर तसंच होतं. ती दिव्यांमुळे डोळे बारीक करत मधोमध येऊन थांबली. ताई वाकल्या, माइक तिच्यासमोर धरला.

"सांगतेस बाळा, तुझी गोष्ट?"

"नको," ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. हात मागे बांधलेले, पायाच्या बोटांवर किंचित उंच, ओठ दाबून हसत.

ते हसू मला ओळखू आलं. ताईंनाही आलं. माझ्याच घरी, माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी ते पाहिलं होतं आणि त्यापुढे काय करायचं असतं ते केलंही होतं. त्यांनी मान वर करून तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्या सरळ उभ्या राहिल्या.

"बघा," त्या हॉलला म्हणाल्या. "किती गुणी मुलगी. आईचीच शिकवण. आपण तिचाही मान राखूया."

टाळ्या मघापेक्षा मोठ्या होत्या. मी एक पाऊल पुढे टाकलं, पण माइक त्यांच्या हातात होता आणि त्यांनी साउंडवाल्याला खूण केली. लेझीमचं संगीत सुरू झालं, दोन्ही बाजूंनी नऊवारीतल्या बायका मंचावर शिरल्या. त्यांच्यामधून मला पुठ्ठ्याचं घर दिसत होतं. ती अजून तिथेच उभी होती. कुणीतरी तिला हाताला धरून बाजूला केलं.

नंतर जेवणाच्या रांगेत प्रत्येकानं मला थांबवलं. किती नम्र आहे गं तुझी मुलगी. अजिबात मिरवत नाही. आमचा तर माइक सोडतच नाही. तिकडे नॉर्वेत असंच असतं ना? मी हो म्हणत राहिले. ताई दुसऱ्या टोकाला श्रीखंड वाढत होत्या. शाल पिशवीत गेली होती. त्यांना ती मिळाली नाही, एवढं माझं आहे आणि ते मी कुणाला देणार नाही. त्यांनी त्या दिवशी काय घेतलं ते त्यांना नीट माहीत आहे. म्हणून मी पुढच्या कमिटीसाठी अर्ज भरला आहे. त्याही पुन्हा उभ्या राहणार आहेत. तिथे भेटू.

नवरा खुर्च्या आवरायला थांबला. आम्ही दोघी एस-बाननं निघालो. बाहेर अजून उजेड होता. ती खिडकीशी बसली, पुठ्ठ्याचं घर मांडीवर घेऊन त्याचा सुटलेला काठ नखानं सोलत. दोन-तीन स्टेशनं गेली. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आई, त्यांनी परत का नाही विचारलं?"

मराठीत म्हणाली.

मी तिच्याकडे वळले. ती पुढे म्हणाली, "आजी म्हणाली होती, आधी नको म्हणायचं. मग लोक विचारतात. मी थांबले होते. तू पण नाही विचारलंस."

समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं आमच्याकडे बघून स्मित केलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मी तिच्याजवळ सरकले. म्हटलं, मी आता विचारते. मला सांग ना गोष्ट. अख्खी, पहिली, तिकीट नसलेली. मी ऐकते. आजीला फोन लावूया का, दोघी मिळून ऐकतो.

तिनं विचार केला. मग माझ्याकडे वळून, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलावं तितक्या अदबीनं म्हणाली, "नाइन, डांके."

आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. जर्मनमध्ये नको म्हणजे नको, हे आमच्याच घरात ठरलं होतं.